खुर्ची मागे सारा: बिग बँड आणि स्विंग कसं ऐकावं, कसं नाचावं

बिग बँड म्हणजे पंधराएक वादकांचा जॅझ बँड. त्याचं संगीत, म्हणजे स्विंग, लावलंत की पहिलं काम, खुर्चीतून उठा. हे संगीत ज्यांच्यासाठी वाजत होतं ते लोक उभे होते, घामाघूम होते आणि पहाटेपर्यंत नाचत होते. अमेरिकेत साधारण १९३५ ते १९४६ या काळात तरुण पोरांच्या ओठांवर होतं ते हेच. ते जॅझ होतं, पण मान डोलावत गंभीरपणे ऐकायचं जॅझ नव्हतं. शनिवारी रात्री चांगले बूट घालून बाहेर पडायचं, ते या संगीतासाठी.

मी एका हौशी बिग बँडमध्ये सेकंड ऑल्टो सॅक्सोफोन वाजवते. माझ्या एका हाताला लीड ऑल्टो, म्हणजे आमच्या गटाची मुख्य ओळ वाजवणारी, दुसऱ्या हाताला टेनर, म्हणजे ऑल्टोपेक्षा खालच्या आवाजाचा सॅक्सोफोन. मुख्य धून माझ्या वाट्याला क्वचित येते, सोलो त्याहून क्वचित. पण या मधल्या खुर्चीवर बसलं की एक गोष्ट फार लवकर कळते. बँडचा जीव पुढे येऊन सोलो वाजवणाऱ्यात नसतो, मागच्या चौघांत असतो: पियानो, गिटार, बेस आणि ड्रम. या चौघांना ऱ्हिदम सेक्शन म्हणतात. त्यांच्याकडे कान लावायची सवय झाली की बाकीचे बारा-तेरा जण काय करतायत ते उलगडत जातं. म्हणून माझी सगळी रीत खालून वर जाणारी आहे. आधी ठेका, मग सेक्शन, सोलो सगळ्यात शेवटी.

आधी चार मात्रा

स्विंगच्या जवळजवळ सगळ्या रचना चार मात्रांच्या असतात. बेसवाला चारही मात्रांवर एकेक स्वर टाकत चालत राहतो. याला वॉकिंग बेस म्हणतात आणि तो खरोखरच चालण्यासारखा आहे: सम, शांत, न थांबणारा. टाळी मात्र पहिल्या मात्रेवर द्यायची नाही. दुसरी आणि चौथी, या दोन मात्रा तुमच्या. समेवर हात पडायची सवय असेल तर सुरुवातीला हे उलटं वाटेल. त्यावर उपाय आहे. जागच्या जागी चालायला लागा, एक-दोन-तीन-चार, आणि दोन नि चारवर चुटकी वाजवा. ड्रमरचा डावा पाय हाय-हॅटच्या दोन झांजा नेमक्या याच जागी मिटतो, ‘छिक्’ असा आवाज येतो. तो ऐकू आला की चुटकी त्याच्यावर सोडा. एक पूर्ण गाणं नुसतं एवढंच करा, धून काय आहे याच्याकडे लक्ष देऊ नका.

दुसरी गोष्ट मात्रेच्या आतली. एका मात्रेत दोन स्वर आले तर ते समान लांबीचे वाजत नाहीत. पहिला जरा रेंगाळतो, दुसरा आखूड होऊन पुढच्या मात्रेत घरंगळतो. कागदावर दोन्ही सारखेच लिहिलेले असतात. किती रेंगाळायचं ते बँडने मिळून ठरवायचं असतं आणि ते टेम्पोप्रमाणे बदलतं: संथ गाण्यात झोका मोठा, वेग वाढला की दोन्ही स्वर जवळजवळ समान. आमच्या तालमीचा बराचसा वेळ याच्यावरच जातो. पाच सॅक्सोफोनवाल्यांचा झोका पाच प्रकारचा असेल तर स्वर अचूक लागूनही गाणं उठत नाही. हेच पंधरा माणसांचं एकमत ऐकायला शिकायचं आहे.

एकच रेकॉर्ड, पुन्हा पुन्हा

कुठून सुरू करू, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी काउंट बेसीचं ‘वन ओ’क्लॉक जम्प’ सांगते, आणि तेही जुलै १९३७ मध्ये डेका कंपनीसाठी केलेलं पहिलं ध्वनिमुद्रण. जेमतेम तीन मिनिटांचं आहे. बेसीचा बँड कॅन्सस सिटीतला. तिथल्या रेनो क्लबमधून होणारं त्यांचं रेडिओ प्रक्षेपण १९३६ मध्ये रेकॉर्ड निर्माते जॉन हॅमंड यांनी गाडीतल्या रेडिओवर ऐकलं आणि त्यांच्यामुळे हा बँड पूर्वेकडे आला. या तीन मिनिटांत बारा बारचं ब्लूज पुन्हा पुन्हा फिरतं. बारा बार म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. त्याला कोरस म्हणतात.

पहिल्यांदा फक्त वॉल्टर पेजचा बेस ऐका. जुन्या ध्वनिमुद्रणात तो खोल दबलेला वाटतो, पण एकदा सापडला की सुटत नाही. दुसऱ्यांदा फ्रेडी ग्रीनची गिटार. ही साधी, विजेला न जोडलेली गिटार आहे आणि ती ऐकू येण्यापेक्षा जाणवते जास्त: प्रत्येक मात्रेवर एक छोटा, कोरडा, लगेच मिटलेला ठोका. ग्रीन १९३७ मध्ये बेसीकडे आले आणि १९८७ मध्ये वारेपर्यंत त्याच बँडसाठी हेच करत राहिले, सोलोच्या वाटेला जवळजवळ गेलेच नाहीत. त्यांच्याबद्दल मला जितका आदर वाटतो तितका फार थोड्या वादकांबद्दल वाटतो. तिसऱ्यांदा जो जोन्सचं हाय-हॅट. त्यांच्याआधीचे बरेच ड्रमर ठेका पायाखालच्या मोठ्या ड्रमवर धरायचे, त्यामुळे तो जड पडायचा. जोन्सनी तो हाय-हॅटवर नेला आणि सगळा बँड हलका झाला. जमिनीवरून दोन बोटं वर उचलल्यासारखा.

एवढं झाल्यावर मग सोलो. सुरुवातीला बेसी स्वतः पियानोवर दोन कोरस घेतात. मग बँड शिरतो आणि गाण्याची पट्टी एकदम बदलते. या बदलाला पावलंसुद्धा सावध होतात. पहिला टेनर सॅक्सोफोन हर्शेल एव्हन्स यांचा: रुंद, भरदार, स्वराच्या शेवटी कंप. ट्रॉम्बोन येऊन जातो आणि मग दुसरा टेनर, लेस्टर यंग. तेच वाद्य, तेच ब्लूज, पण आवाज हलका, सरळ, जवळजवळ कंपाशिवाय, मात्रेच्या किंचित मागे रेलून बसलेला. या दोघांतला फरक डोळे मिटून सांगता आला की समजा तुमचा कान तयार व्हायला लागला. पुढे बक क्लेटन यांचा ट्रम्पेट, मग पुन्हा ते चौघेच, बेसी मध्येच दोन-चार स्वर टाकतायत आणि बाकी जागा रिकामी सोडतायत. आणि शेवटी रिफ.

रिफ म्हणजे एक छोटा, चटकन लक्षात राहणारा तुकडा, परतपरत वाजवलेला. शेवटच्या कोरसमध्ये सॅक्सोफोन एक रिफ धरतात, ट्रॉम्बोन दुसरा, ट्रम्पेट तिसरा, आणि तिन्ही एकमेकांवर रचले जातात. कॅन्सस सिटीच्या बँडमध्ये अशा रचना बऱ्याचदा कागदावर नसायच्या. वाजवतावाजवता एक जण काहीतरी सुचवी, शेजारचे उचलत आणि ते पक्कं होई. या शेवटच्या भागात कोणी स्वस्थ उभं राहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

कोण कोणाला उत्तर देतंय

आता वर सरका, सेक्शनकडे, म्हणजे एका जातीच्या वाद्यांच्या गटाकडे. मोठ्या बँडमध्ये साधारण तीन-चार ट्रम्पेट, दोन-तीन ट्रॉम्बोन, चार-पाच सॅक्सोफोन. सॅक्सोफोनवाले गरजेप्रमाणे क्लॅरिनेटही उचलतात. इतके जण एकदम वाजले तर गोंगाट होईल. तो होऊ नये म्हणून या सेक्शनांत संवाद बांधायची रीत फ्लेचर हेंडरसन यांच्या न्यूयॉर्कमधल्या बँडने रुळवली. १९२४ पासून हा बँड रोझलँड बॉलरूममध्ये वाजवत होता आणि डॉन रेडमन त्याची अरेंजमेंट, म्हणजे कोणी केव्हा काय वाजवायचं याची मांडणी, लिहीत. आम्ही तिला चार्ट म्हणतो. एक सेक्शन प्रश्न टाकतो, दुसरा उत्तर देतो, मधेच कोणीतरी एकटा उठतो. त्याच वर्षी ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग या बँडमध्ये साधारण वर्षभरासाठी आले आणि सगळ्यांच्या लयीची चाल बदलून गेले.

पुढे हेंडरसन यांचा बँड मोडला आणि त्यांनी आपले चार्ट बेनी गुडमन यांना विकले. त्या चार्टच्या जोरावर गुडमन यांच्या बँडने २१ ऑगस्ट १९३५ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये असा काही धुमाकूळ घातला की स्विंग युगाची सुरुवात त्याच रात्रीपासून मोजतात. गुडमन यांना ‘स्विंगचा राजा’ म्हटलं गेलं. कागदावर लिहिलेले ते स्वर मात्र हेंडरसन या काळ्या संगीतकाराचे होते, ज्यांच्या स्वतःच्या बँडला तेवढा पैसा आणि तेवढं नाव कधीच मिळालं नाही. हे ऐकताना मनात असू द्या. न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीत, हार्लेममध्ये, कॉटन क्लबमध्ये मंचावर काळे कलावंत आणि टेबलांवर फक्त गोरे गिऱ्हाईक असत. मोठमोठे काळे बँड दौऱ्यावर निघाले की ज्या शहरात त्यांच्या नावाने हॉल भरायचा, तिथल्या हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे. गोऱ्या गुडमन यांनी टेडी विल्सन आणि लायोनेल हॅम्प्टन या काळ्या वादकांना आपल्या छोट्या गटांत घेऊन लोकांसमोर वाजवलं, याचं मोल त्या पार्श्वभूमीवर कळतं.

संवाद ऐकायला ड्यूक एलिंग्टन यांच्या बँडचं फेब्रुवारी १९४१ चं ‘टेक द ए ट्रेन’ घ्या. रचना बिली स्ट्रेहॉर्न यांची. त्या वर्षी एलिंग्टन यांच्या जुन्या रचना रेडिओवर वाजवता येत नव्हत्या, कारण हक्क सांभाळणारी संस्था आणि रेडिओ कंपन्या यांच्यात पैशावरून वाद पेटला होता. स्ट्रेहॉर्न त्या संस्थेचे सभासद नव्हते, म्हणून त्यांच्या रचना वाजवायला मोकळीक होती, आणि अशा अडचणीतून ही धून बँडची ओळख बनली. पियानोचे चार बार झाले की सगळे सॅक्सोफोन एका सुरात धून घेतात आणि ट्रम्पेट-ट्रॉम्बोन म्यूट (तोंडावर बसवायचं, आवाज दबवणारं टोपण) लावून मध्येमध्ये टोकतात. एकदा फक्त ती टोकणी ऐका. मग रे नान्स यांचा ट्रम्पेट: आधी म्यूट लावून, पुढे बँड पट्टी बदलून वर चढतो तेव्हा म्यूट काढून, मोकळा. या रचनेचं आवर्तन बत्तीस बारचं आहे. आठ-आठचे चार भाग, पहिला, दुसरा आणि चौथा सारखा, तिसरा वेगळा. त्या तिसऱ्याला ब्रिज म्हणतात. चालत चालत मोजा आणि ब्रिज आला की दिशा बदला. ही कसरत केलीत तर पुढे नाचताना फार कामाला येते, कारण त्या काळातली निम्मी गाणी तरी याच साच्यातली आहेत.

माझ्या सेक्शनसाठी म्हणून एक हट्ट: एलिंग्टन यांचंच मे १९४० चं ‘कॉटन टेल’. बेन वेब्स्टर यांचा टेनर सोलो सगळ्यांना ठाऊक असतो. मी सांगते आहे ते त्याच्या नंतरचं, पाचही सॅक्सोफोन एकत्र धावत सुटतात ते. याला सोली म्हणतात. अशा सोलीतला माझा भाग एकटा वाजवला तर विचित्र लागतो, स्वर कुठेतरी अडखळत वळतात, त्याला धून म्हणवत नाही. शेजारी लीड ऑल्टो आणि खाली बॅरिटोन, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजाचा सॅक्सोफोन, आला की त्याच वळणांचा अर्थ लागतो. लीड ऑल्टो जिथे श्वास घेते तिथेच मी घ्यायचा, तिने स्वर जितका ओढला तितकाच मी ओढायचा, आणि माझा आवाज तिच्या आवाजाखाली राहील याची काळजी घ्यायची. श्रोता म्हणून तुम्ही वरची धून सोडून मधला एखादा आवाज पकडायचा प्रयत्न करा. तो निसटेल. निसटू द्या आणि पुन्हा पकडा.

ग्लेन मिलर यांच्याबद्दल दोन शब्द, कारण बहुतेकांची ओळख त्यांच्यापासूनच होते. सॅक्सोफोनच्या वर क्लॅरिनेटला लीड देऊन त्यांनी जो आवाज तयार केला तो खरोखर सुंदर आहे. मात्र नाचायला मला त्यांचा ऱ्हिदम सेक्शन बेसीच्या तुलनेत ताठ वाटतो. तरीही १९३९ चं ‘इन द मूड’ शेवटापर्यंत नीट ऐका. एकच रिफ हळू, आणखी हळू, जवळजवळ विरेपर्यंत नेतात आणि मग सगळा बँड पूर्ण ताकदीने उसळतो. एवढ्या लोकांनी मिळून हळू वाजवणं हे जोरात वाजवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

तारीख पाहा, आवाज फार धुऊ नका

ऑनलाइन शोधताना मोठा घोळ होतो तो तारखांचा. बऱ्याच बँडलीडरनी आपली गाजलेली गाणी पुढे पन्नाशीच्या दशकात नव्या यंत्रांवर पुन्हा ध्वनिमुद्रित केली, आणि संकलनांवर बहुधा संकलनाचं साल छापलेलं असतं. मूळ हवं असेल तर वादकांची नावं आणि ध्वनिमुद्रणाची तारीख पडताळा. नंतरचं वाईटच असतं असं अजिबात नाही. बेसींचा पन्नाशीतला बँड वेगळा, भारदस्त, घोटीव आहे, आणि नील हेफ्टी यांच्या चार्टवरचा त्यांचा १९५८ चा ‘ॲटॉमिक’ अल्बम नव्या कानाला जुन्या रेकॉर्डांपेक्षा सोपा जातो. त्यातलं ‘लिल डार्लिन’ इतकं संथ आहे की त्यावर तोल सांभाळून नाचणं म्हणजे परीक्षा. तरी पाया म्हणून तीस-चाळीसच्या दशकांतलंच घ्या.

दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपासच मावत असे. म्हणून ही गाणी इतकी आटोपशीर आहेत. नाचाच्या हॉलमध्ये तेच गाणं कितीतरी लांबायचं, आणि ते ऐकायचं असेल तर रेडिओ प्रक्षेपणांची आणि जागेवरच्या मैफलींची ध्वनिमुद्रणं शोधा. ७ नोव्हेंबर १९४० ला नॉर्थ डाकोटातल्या फार्गो गावी एलिंग्टन यांचा बँड एका बॉलरूममध्ये नाचासाठी वाजवत होता. दोन तरुण चाहत्यांनी परवानगी घेऊन आपलं रेकॉर्ड कापायचं यंत्र तिथे नेलं आणि ती रात्र टिपली. गर्दीचा आवाज येतो, माइकची जागा काही आदर्श नाही, तरी कामाच्या एका साध्या रात्री हा बँड काय दर्जाचं वाजवायचा ते यात कळतं. बिल सॅव्हरी नावाच्या इंजिनियरनी तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात रेडिओवरून टिपलेल्या रेकॉर्डांचा संग्रह २०१० मध्ये हार्लेमच्या नॅशनल जॅझ म्युझियमकडे आला. त्यातलंही बरंच आता ऐकायला मिळतं.

आवाजाबद्दल थोडकं. ही ध्वनिमुद्रणं मोनो आहेत, त्यामुळे एक बरा स्पीकर पुरतो. कानात घालायच्या यंत्रांपेक्षा खोलीत वाजणारा स्पीकर चांगला, कारण बेस अंगाला लागायला हवा आणि तुम्हाला हलता यायला हवं. खरखर पूर्ण पुसलेली आवृत्ती घेऊ नका. खरखरीबरोबर हाय-हॅटही पुसलं जातं आणि उरतं ते मऊ, झोपाळू काहीतरी. थोडी खरखर राहिली तर कान काही वेळाने ती ऐकायचं आपोआप सोडून देतो. जुन्या मोनोला ओढूनताणून स्टिरिओ केलेल्या आवृत्त्या तर दिसताच सोडा.

पाय

१९२६ च्या मार्चमध्ये हार्लेममध्ये लेनॉक्स ॲव्हेन्यूवर सॅव्हॉय बॉलरूम उघडलं. १४० आणि १४१ व्या रस्त्यांमधली अख्खी लांबी व्यापणारा तो हॉल होता. तिथे काळे-गोरे एकाच फरशीवर नाचत, आणि त्या काळच्या अमेरिकेत असं ठिकाण विरळ होतं. दोन मंच शेजारीशेजारी होते, एक बँड थांबला की दुसरा सुरू, संगीत खंडत नसे. घरचा बँड चिक वेब यांचा. लहानपणी मणक्याला झालेल्या क्षयामुळे त्यांची उंची खुंटली होती, आणि त्यांच्या ड्रमसमोर उभं राहायला मोठमोठे बँड घाबरत. ११ मे १९३७ ला गुडमन यांचा बँड, ड्रमर जीन क्रूपा यांच्यासह, सॅव्हॉयमध्ये वेब यांच्याशी सामना द्यायला आला. आत हजारो, बाहेर त्याहून जास्त. सॅव्हॉयच्या नाचणाऱ्यांनी कौल वेब यांना दिला. कोणता बँड जिंकला हे तिथे पायच ठरवत. दोन वर्षांनी वेब गेले. हॉल १९५८ मध्ये बंद झाला.

याच फरशीवर लिंडी हॉप हा स्विंगवरचा जोडीचा नाच वाढला. शिकायचा असेल तर आधी घरी एकट्याने ठोक धरा: गुडघे सैल, वजन पायाच्या पुढच्या भागावर, प्रत्येक मात्रेला शरीर खाली जातंय असं वाटलं पाहिजे. उड्या मारायच्या नाहीत, खाली बसल्यासारखं करायचं. मग सहा मात्रांचं सगळ्यात सोपं पाऊल. पहिल्या दोन मात्रांत एक पाय मागे टाकून पुन्हा पुढच्यावर यायचं, याला रॉक स्टेप म्हणतात. पुढच्या दोन मात्रांत झटपट तीन पावलं, त्यापुढच्या दोनांत दुसऱ्या बाजूला तीन. ही तीन पावलं म्हणजे ट्रिपल स्टेप, आणि मघाशी सांगितलेला लांब-आखूड झोका इथे पायांत उतरतो: लांब, आखूड, लांब. जोडीदार मिळाला की आठ मात्रांचं स्विंग-आउट शिका. दोघं जवळ येतात, एकमेकांभोवती फिरतात आणि ताणलेल्या हातांनी पुन्हा दूर सुटतात. लिंडी हॉपचा कणा हाच आहे आणि तो व्हिडिओवरून शिकता येत नाही, दुसऱ्याच्या हाताचा ताण जाणवावा लागतो. जवळपास वर्ग असेल तर तिथेच जा.

गाण्याचा वेग आधी मोजून घ्या. पंधरा सेकंदांत किती मात्रा होतात ते मोजा आणि चाराने गुणा. मिनिटाला १२० ते १४० मात्रा असतील तर नवख्याला निवांत जमतं. १८० च्या पुढे दम लागतो. दोनशेच्या वर गेल्यावर माझ्यासारखे बरेच जण बॅल्बोआकडे वळतात. हा नाच दक्षिण कॅलिफोर्नियातल्या गर्दीच्या हॉलमध्ये तयार झाला. दोघं अगदी जवळ, पावलं छोटी, वरचं अंग शांत, त्यामुळे वेगाचा त्रास होत नाही. एकट्याने करायचं काही हवं असेल तर शिम शॅम शिका. टॅप नाचणाऱ्यांचा तो जुना ठरलेला पावलांचा क्रम आहे आणि जिमी लन्सफर्ड यांच्या बँडचं १९३९ चं ‘टेन्ट व्हॉट यू डू’ लागलं की जगभरच्या नाचाच्या हॉलमध्ये सगळे ओळीत येऊन तो करतात. लन्सफर्ड यांचा बँड मला फार प्रिय आहे, त्याच्याबद्दल लोक फार कमी बोलतात.

बूट महत्त्वाचे. रबरी तळ फरशीला धरतो आणि वळताना गुडघा पिळवटतो. तळ चामड्याचा किंवा स्वेडचा असावा, थोडा सरकणारा. टाच बुटकी. बदलायला एक शर्ट आणि एक रुमाल जवळ ठेवा.

सॅव्हॉयच्या नर्तकांपैकी फ्रँकी मॅनिंग यांनी १९३५ च्या एका स्पर्धेत जोडीदाराला पाठीवरून उलटी फिरवून पहिली हवाई कसरत केली असं मानतात. बँडचा काळ सरल्यावर त्यांनी अनेक वर्षं टपाल खात्यात नोकरी केली. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातले दोन तरुण नर्तक शिकायला म्हणून त्यांना शोधत आले आणि सत्तरीतले मॅनिंग पुन्हा फरशीवर उतरले, ते २००९ मध्ये ९४ व्या वर्षी जाईपर्यंत शिकवत राहिले. स्वीडनमधल्या हेरांग या खेड्यात १९८२ पासून उन्हाळ्यात लिंडी हॉपचं शिबिर भरतं, तिथेही ते वर्षानुवर्षं जात. त्यांचा जन्मदिवस २६ मे आता जागतिक लिंडी हॉप दिन म्हणून साजरा होतो. तुमच्या आसपास नाचणारं कोणी असेल तर त्या दिवशी नक्की सापडेल. त्या हवाई कसरती मात्र मंचासाठी आणि मोकळ्या रिंगणासाठी आहेत. गर्दीच्या फरशीवर पाय जमिनीवरच ठेवा. कोणीही कोणालाही नाचायला विचारावं, स्त्रीने पुढाकार घ्यावा, पुरुषाने मागे यावं, सगळं चालतं. नकार मिळाला तर हसून पुढे जावं. धक्का लागला तर लगेच विचारपूस करावी. आणि नाचता नाचता जोडीदाराला शिकवायला लागू नये.

बँड समोर असेल तेव्हा

मोठे बँड का ओसरले याची कारणं अनेक आहेत. वादक युद्धावर गेले, १९४२ च्या ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला जो पूर्ण उठायला दोन वर्षांवर लागली, १९४४ मध्ये नाचाच्या ठिकाणांवर जबर कर बसला, आणि पंधरा माणसांना पोसणं परवडेनासं झालं. पण संपले नाहीत. बेसी ऑर्केस्ट्रा आजही दौरे करतो. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये १९६६ पासून सोमवारी रात्री बिग बँड वाजवण्याची प्रथा आहे. तिथलं संगीत बसून ऐकायचं आहे, स्विंग काळानंतरचं आहे, तरीही जा. विंटन मार्सालिस यांनी उभा केलेला लिंकन सेंटरचा जॅझ ऑर्केस्ट्रा एलिंग्टन यांचे चार्ट शाळांपर्यंत पोचवतो, आणि त्यामुळे शाळकरी मुलांचे बँडसुद्धा आज या रचना बारकाईने वाजवताना ऐकायला मिळतात.

हॉलमध्ये गेलात तर मधोमध बसू नका. ऱ्हिदम सेक्शनच्या बाजूला, शक्य तितकं पुढे जा. बेसवाल्याची बोटं आणि ड्रमरचा डावा पाय दिसला पाहिजे. ट्रम्पेटच्या थेट तोंडासमोर मात्र उभे राहू नका, कान दुखतील. सोलो संपला की लगेच टाळ्या द्या, गाणं संपायची वाट पाहू नका.

आणि फरशी मोकळी असेल तर नाचा. बँडला ते हवं असतं, हे मी मंचावरून सांगते आहे. ७ जुलै १९५६ ला न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात एलिंग्टन यांचा बँड वाजवत होता. पॉल गोन्सालव्हिस टेनरवर ब्लूजचे कोरस घेत होते, प्रेक्षकांतून एक बाई उठून नाचायला लागली, मंचाच्या बाजूला बसलेले जो जोन्स गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने ठेका देत होते. गर्दी उसळली आणि सोलो सत्तावीस कोरसपर्यंत गेला. १९९९ मध्ये निघालेल्या आवृत्तीत तो पहिल्यापेक्षा स्पष्ट ऐकू येतो, कारण त्या रात्री गोन्सालव्हिस चुकीच्या माइकसमोर उभे होते आणि त्या दुसऱ्या माइकचं ध्वनिमुद्रण नंतर जोडलं गेलं.

आम्ही इतके मोठे नाही, पण समोर पाय हलायला लागले की आमचा ड्रमर हलका होतो, बेस रुंदावतो, आणि लीड ऑल्टो स्वर जरा आखूड कापायला लागते. मला ते शेजारच्या खुर्चीवर जाणवतं. म्हणून मध्यंतरात मंचाजवळ या आणि काय हवं ते सांगा. गाण्याचं नावच सांगायला हवं असं नाही. ‘जरा संथ, एकशेतीसच्या आसपास काहीतरी द्या’ एवढं म्हणालात तरी बँडलीडरला पुरतं. दोन वेगवान गाण्यांनंतर एक मध्यम मागा, नवखे लोक उठतील. नाव आठवत नसेल तर रिफ गुणगुणा, पुढच्या रांगेतलं कोणीतरी ओळखेल आणि चार्टांच्या गठ्ठ्यातून तो कागद वर काढेल.